पाच सोळांश इंच

—अहो, नाही नाही, बाकावर नको! त्या बाकावर लोखंडाचा कीस पडलेला असतो, ओरखडा यायचा. माझ्याकडे द्या. दोन्ही हातांनी द्या, तान्हं बाळ देतात तसं — हं, आलं. दादा नाहीये, दादा जेवायला घरी गेलाय, जेवून तासभर आडवा होतो, अडीचच्या आत काही यायचा नाही — पण कॅमशाफ्ट ठेवून जायला दादा कशाला लागतो? ते खातं माझं. मी त्याची धाकटी बहीण. सगळे छोटी म्हणतात. चोपन्न वर्षांची छोटी! हसा, हसा, सगळेच हसतात. आलेला शाफ्ट मोजायचा, वहीत मापं उतरवायची, नंबराची चिठ्ठी बांधायची, फोन उचलायचा — हे माझं, आणि आतलं ते मोठं मशीन दादाचं. अशी वाटणी आहे आमची. निदान लोकांना सांगायला तरी अशी वाटणी आहे. केवढा हो कागद गुंडाळलाय! आणि हा आतला तेलकट कागद — हा तुम्ही नाही गुंडाळलेला. हा कारखान्यातला कागद आहे. थांबा. बोलू नका जरा. अगं बाई. अगं बाई, बाई, बाई!

कोरा आहे हो हा! कोरा करकरीत! बघा इकडे, या प्रत्येक टोकावर, चकचकीत पट्टा दिसतोय का कुठं? नाही ना? एक दिवस जरी इंजिनात फिरला ना, तरी टोकावर पट्टा येतो, आरशासारखा. याचा काळा रंगसुद्धा गेलेला नाही. तेहेतीस वर्षं झाली मला या दुकानात, आणि तुमच्या या गोल पाठीच्या गाडीचा — आम्ही तिला कासव म्हणतो, रागावू नका, प्रेमानं म्हणतो — कासवाचा न वापरलेला शाफ्ट मी आज पहिल्यांदा बघतेय. पहिल्यांदा! ती कंपनी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. कुठं मिळाला? — नंतर सांगतो काय, आत्ता सांगा ना! बरं, नंतर सांगा. मी हा मोजणार आहे. तुम्हाला घाई असली तरी मी मोजणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी मोजणार आहे, तुम्ही ते स्टूल घ्या. मी नाही बसत, माझ्याच्यानं आत्ता बसवणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहे ना हे काय असतं? मान हलवताय, पण डोळे नाही म्हणतायत. सगळ्या गाडीवाल्यांचं तेच, बाहेरून पुसून पुसून गाडीचा रंग घालवतील, पण पोटात काय आहे विचारू नका. हा दांडा. त्याच्यावर ही आठ अंडी — आम्ही अंडीच म्हणतो. दांडा फिरला की अंड्याचं टोक वर येतं, झडप ढकलतं, झडप उघडते. बस, एवढंच. आता वर्षानुवर्षं घासून घासून टोक झिजतं, मग झडप पुरती उघडत नाही, गाडीला श्वास पुरत नाही, चढावर जीव काढते. मग तुम्ही आमच्याकडे येता. आम्ही काय करतो? झिजलेलं टोक काही वर आणता येत नाही. म्हणून बाकीचं सगळं अंग थोडं थोडं खाली घासायचं — म्हणजे टोक आपोआप परत उंच! हसलात ना? मीही हसले होते, बाबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा.

हा बसला दोन सेंटरांच्या, म्हणजे या टोकदार खुंट्यांच्या मधे. ही अंशांची चकती लावली. हे घड्याळ — डायल गेज हो, आम्ही घड्याळ म्हणतो — याचा पाय अंड्यावर टेकवला, काटा शून्यावर. आता मी दांडा दहा-दहा अंशांनी फिरवणार आणि घड्याळ सांगणार अंडं किती वर आलं. तुम्ही ती निळी वही घ्या. ती नाही, तिच्याखालची, खळीनं पाठ चिकटवलेली. मधलं पान उघडा, कासवाच्या मास्टरचे आकडे आहेत तिथं. मी आकडा म्हणेन, तुम्ही फक्त सांगायचं, तिथं तोच आहे की नाही. दहा अंश — शून्य पॉइंट एक्केचाळीस मिलिमीटर. आहे? आहे! वीस अंश, एक पॉइंट त्र्याऐंशी. अहो नीट बघा, रांग चुकवू नका. आहे ना? मी नाचले तर चालेल का तुम्हाला? नाही, नाचत नाही, घड्याळ हलेल. पण बघा, माझा मास्टर बरोबर निघतोय, दोन्ही आकडे बिनचूक, आणि मी तर —

काय? मी काय म्हणाले? दादाचा मास्टर म्हणाले ना मी? माझा म्हणाले? झालं. गेलं. घ्या, सुटलं तोंडातून. अकरा वर्षं जिभेला कुलूप, आणि एक कोरा शाफ्ट दिसला तर किल्ली स्वतःच हातात दिली तुमच्या. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? शपथ घ्या. बरं, शपथ नको, नुसतं हो म्हणा.

मास्टर म्हणजे काय ते आधी ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल एवढं काय मोठं. मशीनला स्वतःचं डोकं नसतं. त्याला नमुना द्यावा लागतो — जाड पोलादी चकती, या अंड्याचाच आकार पण मोठा. ती फिरते, तिच्यावर एक चाक लोळतं, आणि ती जशी वरखाली होईल तसा तुमचा शाफ्ट घासायच्या दगडासमोर पुढेमागे झुलतो. चकती बरोबर तर शाफ्ट बरोबर. चकती चुकली तर जन्मभर प्रत्येक शाफ्ट तसाच चुकणार, आणि तोही अगदी गुळगुळीत, सुंदर, कुणाला संशयसुद्धा यायचा नाही. आता चकती बनवायची कशावरून? कोऱ्या शाफ्टवरून. आणि कासवाचा कोरा शाफ्ट कुणाकडे होता? कुणाकडेच नाही.

तीस अंश. तीन पॉइंट ब्याण्णव. हो? हो!

तर बावीस वर्षांपूर्वी, आमचे बाबा होते तेव्हाची गोष्ट. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, पण रोज यायचे, या इथं बसायचे, आणि हातानं सांगायचे — हे दोन शतांश जास्त आहे, ते एक कमी आहे. आणि बरोबर असायचं हो! तर कासवाचा मास्टर बनवायचा होता आणि समोर तीन जुने शाफ्ट. बाबांनी तिन्हींवरून अंगठा फिरवला, एकावर थांबले, म्हणाले, हाच, हा कोरा आहे, यावरूनच करा. आता मी तिथंच उभी, घड्याळ हातात. त्या शाफ्टच्या टोकावर पट्टा होता. एवढा रुंद! दारातूनसुद्धा दिसला असता. आणि दादाला दिसत नव्हता? दादाचे डोळे म्हणजे घारीचे. मी तोंड उघडलं तर दादानं माझ्याकडे असं बघितलं — असं — आणि बाबांना म्हणाला, होय बाबा, कोराच आहे. आणि बनवला त्यावरूनच. बाबा खूश. नऊ दिवसांनी बाबा गेले. त्यांचं शेवटचं काम ते.

आणि मी काय करावं? दोन महिन्यांनी, तीन गिऱ्हाइकं उभी असताना, सगळ्यांसमोर म्हणाले, दादा, कासवाचा मास्टर चुकलाय. अक्कल गहाण ठेवली होती मी त्या दिवशी, दुसरं काय! तो एवढंच म्हणाला, बाबांनी हात लावून सांगितलंय. त्यानंतर चार महिने माझ्याशी शब्द नाही. शाफ्टला बांधायच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचो आम्ही. "पाना कुठाय." "खिळ्यावर." चार महिने! एकाच घरात जेवतो हो आम्ही. तेव्हापासून त्या विषयाला हात लावला नाही मी. कासवं यायची, झिजलेल्या नमुन्यावरून घासलेले शाफ्ट घेऊन जायची, चढावर धापा टाकायची, आणि मालक म्हणायचे जुनी गाडी आहे, चालायचंच. मला रात्रंदिवस खुपायचं ते. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं.

चाळीस अंश — पाच पॉइंट अठ्ठ्याण्णव. तुम्ही आता न विचारताच मान हलवायला लागलात! शिकताय, शिकताय.

मग अकरा वर्षांपूर्वी दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे घरी. दुकानात मी एकटी. कोरा शाफ्ट तर नाही, मग करायचं काय? तर मला अशीच भांडी घासताना एक गोष्ट सुचली, बघा तुम्हाला पटते का. लोखंड झिजतं. वाढत तर नाही ना कधी? मग मी चार वेगवेगळ्या गाड्यांचे चार झिजलेले शाफ्ट घेतले, बत्तीस अंडी झाली, आणि प्रत्येक अंड्याचं प्रत्येक अंशाला माप घेतलं. कुणी इथं झिजलंय, कुणी तिथं. आणि दर अंशाला बत्तिसांमधला जो सगळ्यात मोठा आकडा, तो धरला. कारण जो सगळ्यात मोठा तोच सगळ्यात कमी झिजलेला! काय? आहे की नाही? उगाच नाही गणितात पहिली यायची मी. ते सगळे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले, करवतीचं पातळ पातं वाकवून त्यावरून रेघ ओढली, रेघ अशी आली की लोण्यातून सुरी. आणि मग चकती कापली, शेवटचा हात कानशीनं फिरवला, बोटांची सालं निघाली. तोच नंबर ठोकला, मशीनवर चढवली. आणि बाबांची चकती? तुम्ही आत येताना दारात ठेचकाळलात ना? ती. अकरा वर्षं दार अडवून बसलीय. तिला टाकायचा धीर नाही झाला.

आणि पुढं तर मजाच! दादा परत आला, काम सुरू, आणि दोन महिन्यांत फोन सुरू झाले. दादा, काय जादू केलीत, गाडी चढाला खेचतेय! दादा, सोन्याचा हात तुमचा! पहिल्यांदा गांगरला बिचारा. शाफ्ट हातात घेऊन फिरवून फिरवून बघायचा. मग हळूहळू मान ताठ झाली. मीही म्हणायचे, दादा, हात बसलाय रे तुझा आता. म्हणायचे आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसायचे. आणि कधी कधी — नाही, काही नाही. पन्नास अंश. सात पॉइंट एक्केचाळीस. बघा. आहे? सगळे आहेत हो! एकही चुकलेला नाही!

कधी कधी हसू नाही यायचं. सांगूनच टाकते आता, एवढं सांगितलं तर. येत्या रविवारी त्याचा सत्कार आहे. जुन्या गाडीवाल्यांचं ते मंडळ नाही का, ते पितळी पाटी देणार आहेत, खास कासवाच्या शाफ्टसाठी, नाव कोरून. आणि भाषण लिहायला कुणाला सांगितलं? मला. "दादांच्या अनुभवी हातांनी" — इथपर्यंत आले, चार दिवस तिथंच अडकलेय. मला हवंय हो ते नाव. खोटं कशाला बोलू? मोठेपणा नको बिको म्हणणारी मी नाही, मला हवंय. पण ते मागायचं तर दादाला सांगावं लागणार, बाबांचं शेवटचं काम मी दाराला लावलंय. आणि तो परत तसा गप्प झाला तर? तेव्हा पंचेचाळीसचा होता. आता सदुसष्टचा आहे. आता चार महिने घालवायची चैन नाही आम्हाला.

काय मान हलवताय? तुम्हीही येणार रविवारी? म्हणजे तुम्ही त्या मंडळाचे? — त्या मंडळाचे काय? — सचिव!

मेले मी. अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी सगळं पोट रिकामं केलं तुमच्यासमोर, आणि तुम्ही शांतपणे वही धरून बसलात! हे बघा, मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. डोकं फिरलंय माझं आज, सरळ माणसं अशी बोलत नाहीत. हसू नका हो! मलाही हसू येतंय तुमच्यामुळे, आणि हात स्थिर हवाय मला, कारण आता टोक राहिलंय. टोकच तर खरं आहे. बाकी सगळ्या अंशांना मला कुठलं ना कुठलं न झिजलेलं अंडं मिळालं होतं, पण टोक बत्तिसांचंही झिजलेलं. तिथं खरा आकडा कुणाकडेच नव्हता. बाबांच्या चकतीवर सात पॉइंट साठ होता. माझी रेघ म्हणत होती, सात नव्वद ते सात अठ्ठ्याण्णव यांच्या मधे कुठंतरी. आता मधे म्हणजे कुठं? मग मी विचार केला, हे रेखाटणारा माणूस कोण? आपल्यासारखाच कुणीतरी, टेबलाशी बसलेला, जेवणाची वाट बघणारा. तो वेडावाकडा आकडा कशाला लिहील? आणि ते लोक इंचात मोजायचे. तर नव्वद आणि अठ्ठ्याण्णवच्या मधे इंचाचा सरळ आकडा एकच बसतो — पाच सोळांश. म्हणजे सात पॉइंट चौऱ्याण्णव. तोच धरला. निव्वळ अंदाज. अकरा वर्षं, कोण जाणे किती गाड्या माझ्या अंदाजावर धावतायत.

आता श्वास घेऊ नका. साठ अंश. फिरतोय... फिरतोय... थांबला. वहीत काय आहे? चौऱ्याण्णव. हो, मला पाठ आहे. पण इथं — इथं चौऱ्याण्णव नाहीये. त्र्याण्णवच्या पुढं गेलाय आणि चौऱ्याण्णवला टेकत नाहीये. मधेच उभा आहे. थोडा कमी पडतोय. कमी आहे हो. एवढं सगळं जुळलं आणि टोकालाच — बरं. बरं, एवढं काही नाही. केसाच्या आत आहे, इंजिनाला कळणारसुद्धा नाही. पण मला कळलं ना.

थांबा. थांबा, थांबा! पंचवीस पॉइंट चार गुणिले पाच, एकशे सत्तावीस. भागिले सोळा. सोळा साते एकशे बारा, उरले पंधरा — सात पॉइंट नऊ — तीन — सात — पाच! सात पॉइंट नऊ तीन सात पाच! अहो, चौऱ्याण्णव मी वहीत ओढून-ताणून पुरा केलेला आकडा आहे! खरं पाच सोळांश त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णवच्या मधेच आहे, जिथं काटा उभा आहे तिथंच! या, या इकडे, बघा, तो मधे उभा आहे, बरोबर जिथं हवा तिथं! पाच सोळांश! मी न बघता ओळखलं! त्या टेबलाशी बसलेल्या माणसाला मी न बघता ओळखलं! आता नाचते, हललं घड्याळ तर हलू दे!

अहो, उठलात का? घाबरलात? मी नेहमी अशी नसते. खिशात काय शोधताय? काय आहे ते? — ही तर आमची चिठ्ठी. शाफ्टला बांधायची, भोक पाडलेली. आणि अक्षर दादाचं. हे तुमच्याकडे कसं? माझा चष्मा. राहू दे, दिसतंय. "पाटीवर नाव कोरायचं थांबवा. आधी हा शाफ्ट छोटीकडून मोजून घ्या. तिच्या मास्टरशी जुळला तर तिचं नाव घाला."

तिच्या मास्टरशी.

म्हणजे शाफ्ट त्यानं शोधला? तुम्ही नाही? म्हणजे गेल्या महिन्यात दोन दिवस गुडघा दाखवायला म्हणून परगावी गेला होता तो — गुडघा! चांगला तर आहे गुडघा त्याचा! आणि त्याला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं? पहिल्या दिवसापासून? अहो, मी अकरा वर्षं तोंड दाबून बसले त्याच्यासमोर, आणि हा अकरा वर्षं तोंड दाबून बसला माझ्यासमोर! आणि वर लोकांकडून शाबासकी घेताना खाली मान घालायचा, मला वाटायचं लाजतोय. बोलता येत नव्हतं का त्याला? तोंड काय फक्त जेवायला दिलंय देवानं? मीही नाही बोलले म्हणा. पण मी लहान आहे! मोठ्यानं आधी बोलायचं असतं! नाही हो, रडत नाहीये. हे तेल आहे, हाताचं तेल डोळ्याला लागलं.

कुठं आहे तो? घरी नाही गेलेला? समोर? त्या चहावाल्याकडे? — अगं बाई, खरंच. इकडे पाठ करून बसलाय. म्हणजे जेवलेलाही नाही.

निघा तुम्ही आता. शाफ्ट राहू दे इथंच, मी गुंडाळून ठेवते. हो, घाला माझं नाव, पूर्ण नाव घाला, मी कागदावर लिहून देते, अक्षरं चुकवू नका. आणि त्याच्याकडे बघू नका जाताना, खूण करू नका, अजिबात काही सांगायचं नाही, आकडा मीच सांगणार. काय म्हणालात? नंतर लिहून देते हो, नंतर! बघा, वळला. उठला. जा ना हो तुम्ही, मधे काय उभे राहताय — तो येतोय.